नूतनचं नाक

नूतनचं नाक बंद राहण्यात घरातल्या सगळ्यांचाच फायदा होता. साखरेच्या आजारानं तिच्या सासऱ्यांच्या, झुलाल आबांच्या, पायाची जखम चिघळली होती. थोरली जाऊ मेघा त्यांच्या खोलीच्या दारातूनच परत फिरायची. दोघे मुलगे तोंडाला रुमाल लावून तब्येत विचारायचे आणि उत्तर अंगणात जाऊन ऐकायचे. नूतनला मात्र वासच येत नव्हता. ती आबांना भरवायची, पाय धुवायची, वर गप्पाही मारायची.

"देवानं नाक बघूनच सून दिली," मेघा म्हणायची. त्यात कौतुक कमी आणि सुटका जास्त असे.

धरणगावच्या त्या घरात बाहेरच्या खोलीत चांगला भाव येण्याची वाट बघत कापूस आढ्यापर्यंत रचलेला. त्याच्या धुळीनं नाक चोंदायचं, रात्रभर तोंडानं श्वास घेऊन नूतनचा घसा सुकायचा. शेवटी ती जळगावला गेली. डॉक्टरांनी नाकपुडीला नळी लावून आकडा वाचला.

"नायट्रिक ऑक्साइड वाढलंय. हा वायू आपलं शरीरच बनवतं. अ‍ॅलर्जीत जास्त बनतो, मग नाकातल्या रक्तवाहिन्या फुगतात. आत काही अडकलेलं नाही, ताई. सूज आहे. उतरेल."

रोज मारायला स्प्रे दिला. सूज उतरत गेली. आज सकाळी चुलीवर वांगं भाजताना नूतनला वास आला आणि ती एकटीच हसली.

दुपारी ती ताट घेऊन आबांजवळ बसली. भाकरी भरितात कुस्करली, घास उचलला. हात मध्येच थांबला. क्षणभरच. मग तिनं तो पुढे केला.

आबांनी तोंड उघडलं नाही.

"नाक उघडनं का व, माय?"

"नहीं, आबा. बंदच शे."

"मंग डोळाले पानी?"

"मिरची लागनी."

"सगळा असंच सांगतस," आबा हसले. मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "ताट उंबरठाजोडे ठेवी दे. मी खाई लिसू."

नूतन उठली, ताट उंबरठ्याजवळ ठेवलं आणि बाहेर येऊन तिनं छाती भरून श्वास घेतला.

दिवाळीपासून आबांना कुशीवर वळायलाही नूतनच लागत होती.