दर भेटीला विचारावे

"फाइल तिसऱ्यांदा परत!" डॉक्टरीणबाईंनी ती समितीच्या टेबलावर आदळली. "उद्या बैठक. उद्या मंजुरी हुकली की सहा महिने गेले. माझ्या रुग्णांकडे सहा महिने नाहीत हो, मावशी. तोवर पोटची पोरंही ओळखू येईनाशी होतील त्यांना."

संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीचं कार्यालय मावशी सांभाळत. त्यांनी फाइलची नाडी हळूच सोडली. विसरण्याच्या आजारावरचं नवं औषध. गाडी अडली होती अकराव्या नियमावर : रुग्णाने एकदा संमती दिली असली, तरी दर भेटीला त्याला नव्याने विचारावे.

"मुलानं सही केली, सुनेनं केली. ज्याला कालचं आठवत नाही, त्याला दर वेळी काय विचारायचं? कुठल्या रिकामटेकड्यानं लिहिलाय हा नियम?"

मावशींनी नियमपुस्तिकेचं शेवटचं पान उघडलं. खाली जुन्या अध्यक्षांची सही होती. तिची शेपटी मागे वळून पहिल्या अक्षराला भिडलेली.

"रिकामटेकडा नव्हता हो माणूस," त्या म्हणाल्या. "चला, तेवढं वाक्य संमतीपत्रात घालू. मग वाचून पाहणारा हवा, त्याच आजाराचा. त्याला कळलं आणि त्यानं सही केली, की झालं."

"आता ऐन वेळी कुठून आणू?"

"आहेत एक, माझ्या ओळखीचे."

कार्यालय बंद करून दोघी निघाल्या. दोन गल्ल्या सोडून एका घराचं दार शेजारच्या काकूंनी उघडलं. "आलात? मग मी निघते," म्हणत त्या गेल्याही. खिडकीशी एक गृहस्थ बसले होते, दाढी नीट केलेली, सदऱ्याची बटणं बरोबर लावलेली. मावशींनी त्यांचा चष्मा उशीखालून काढून दिला.

"एक कागद आहे. वाचून दाखवू का? नको असेल तर नको म्हणा."

"वाचा ना."

पहिल्याच ओळीला त्यांनी हात वर केला. "सहभागी व्यक्ती म्हणजे कोण?"

"तुम्ही."

"मग 'तुम्ही' लिहा की! माणूस समोर बसलाय आणि आपलं व्यक्ती, व्यक्ती."

डॉक्टरीणबाईंना हसू फुटलं. त्यांनी खाडाखोड केली. एकेक ओळ सोपी होत गेली. अकरावा नियम आला तसे गृहस्थ सावरून बसले.

"पुन्हा वाचा हो हे."

मावशींनी वाचलं.

"हे फार चांगलंय. विसरणाऱ्याला सगळे सांगतात. विचारतं कोण? लिहिणाऱ्याला माया असणार."

"होती," मावशी म्हणाल्या. "सही कराल? मनात असेल तरच."

त्यांनी पेन घेतलं. सही सरसर उमटली. शेपटी मागे वळली आणि पहिल्या अक्षराला जाऊन भिडली.

डॉक्टरीणबाईंची नजर कागदावरून उठली ती भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोवर गेली. त्यातली नवरी अगदी मावशींसारखीच मान खाली घालून हसत होती.

गृहस्थांनी पेन मावशींच्या हातात दिलं. "छान वाचता हो बाई तुम्ही. पण आता निघा. घरी वाट बघत असतील ना तुमची?"