तिघांसाठी चहा

एका जुन्या पत्राला पर्यावरण खात्याने उत्तरच दिलं नव्हतं. लष्कराच्या गोळीबाराच्या मैदानातलं शिसं गावाच्या विहिरीत उतरतंय, सराव थांबवा, असं त्यात होतं. "लिहिणारा वकील भलताच चिवट दिसतो, साहेब," कारकून म्हणाला. "तो मीच," खात्याचे नवे साहेब ओशाळून म्हणाले. कारकुनाने जीभ चावली. साहेब घरी पोचतात तोच पलटणीचा फोन: "मेजर, रविवारी गोळीबाराच्या सरावाला हजर व्हा!" साहेब लष्कराच्या राखीव दलात मेजरही होते, आणि मैदान तेच. जेवताना ते बायकोला म्हणाले, "वकील म्हणतो बंद कर, मेजर म्हणतो चालू ठेव. साहेबाने ऐकायचं कुणाचं?" "तिघांना एकदा चहाला बसवा," बायको म्हणाली. "पाणी तेवढं त्या विहिरीचं आणा." सकाळी त्यांनी सराव थांबवण्याच्या हुकमावर सही केली. स्वतःच्याच जुन्या वकिली कचेरीचा पत्ता घालून उत्तर टपालपेटीत टाकलं. आता रविवारी जायचं तरी कुठे?