खाणीची वाळू

"साहेब, ढिगारा तुम्ही मातीने झाकताय, मग आमच्या भिंती कोण झाकणार?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून इत्तोने भर सभेत विचारून टाकलं. बंद पडलेल्या शिशाच्या खाणीतला विषारी ढिगारा झाकून त्यावर झुडपं लावायला राजधानी रबातहून इंजिनियर आला होता. तो गोंधळला. "भिंतींचा काय संबंध?"

"अख्ख्या गावाचा गिलावा त्याच ढिगाऱ्यातल्या वाळूचा आहे. मऊसूत असते, तडा म्हणून जात नाही. हो ना रे, बा?"

गावातला एकुलता एक गवंडी, म्हणजे तिचा बाप, आपल्या जोड्यांकडे बघत बसला.

घरी येताच तो तडकला. "चारचौघांत माझी अब्रू काढलीस. वीस वर्षं हात चालतोय माझा त्या वाळूवर."

"आणि धाकटा इदीर ढिगाऱ्याकडे नुसता वळला, तरी विष आहे म्हणून धपाटा घालतोस."

"आता कुठे जातो तो तिकडे?" आई कौतुकाने म्हणाली. "गुणी लेकरू. दिवसभर घरातच असतं."

दोन वर्षांचा इदीर कोपऱ्यात बसून भिंत चाटत होता.

इत्तोने कपाळावर हात मारून घेतला. भावाला काखोटीला मारलं, चराईला न्यायची आजोबांची जुनी राहुटी माळ्यावरून खाली ओढली आणि दारात उभी राहिली.

"ही मी अंगणात ठोकतेय. गिलावा निघेपर्यंत आम्ही दोघं तिथेच राहणार. तुम्हालाही जागा होईल, बघा."