मागच्या पायरीवर

"कपडे वाळत घालून येते. तोवर दोघींनी मुकाट्यानं वाचत बसा," असं मुलींना बजावून आई मागच्या दारानं बाहेर पडली आणि दार हलकेच ओढून घेतलं. कपडे सकाळीच वाळत घालून झाले होते.

पायरीवर ऊन आलं होतं. उन्हाळ्यातलं अंगावर धावून येणारं नव्हे. पानं पिवळी पडायला लागली की मांजरासारखं मांडीवर येऊन बसतं, तसलं. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकत्याच सुरू झाल्यामुळे गल्ली ओस पडली होती. तिनं कोपरावर विरलेला राखाडी स्वेटर अंगात चढवला, कान तुटलेल्या कपातली कॉफी बाजूला ठेवली आणि दाराशेजारच्या धुण्याच्या पावडरीच्या डब्यात हात घालून तळाशी दडवलेलं चॉकलेट काढलं. पावडरीचा वास लागू नये म्हणून ते दोन पिशव्यांत गुंडाळलेलं होतं. त्या डब्याला मुली कधी हात लावत नसत.

सकाळपासून मास्तरीण तीच, स्वयंपाकीण तीच आणि शिपाईही तीच. ही एवढी पायरी मात्र तिची एकटीची. तिनं तुकडा जिभेवर ठेवला, भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

डोक्यावरची स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती.

"आई कुठंय?" धाकटीनं विचारलं.

"हळू बोल," थोरली म्हणाली. "मागे गेलीय. रडायला."

तुकडा जिभेवरच राहिला.

"रडायला?"

"रोज जाते. कपडेबिपडे काही नसतात. मी एकदा फटीतून पाहिलंय. गुडघ्यांत डोकं घालून बसली होती आणि सगळी हलत होती."

आईला तो दिवस आठवला. बहिणीनं मोबाइलवर कसलासा विनोद पाठवला होता आणि आवाज आत जाऊ नये म्हणून ती गुडघ्यांत तोंड खुपसून हसली होती.

"तिला कुणी मारलं?"

"वेडी कुठली. आपल्यामुळे रडते. आपल्याला शिकवून शिकवून तिचा जीव मेटाकुटीला आलाय. मावशीला सांगत होती फोनवर. म्हणून ती आत आली की काही मागायचं नाही."

"भूक लागली तरी?"

"मला सांग. मी देईन."

आईनं घाईनं चॉकलेट गिळलं. गेले काही दिवस पोरी कशा सुतासारख्या सरळ वागत होत्या! ना हट्ट, ना भांडण. त्याचं सगळं श्रेय तिनं आपल्या शिकवण्याला देऊन टाकलं होतं. आता काही ऐकलंच नाही अशा चेहऱ्यानं आत जाता आलं असतं. उलट, आई रडते असं त्यांना वाटत राहिलं, तर ही पायरी कायमची आपली. हा विचार मनात येऊन गेला मात्र, आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. उरलेली कॉफी तिनं झाडाच्या बुंध्याशी ओतली, चॉकलेट पुन्हा डब्याच्या तळाशी दडवलं आणि ती आत गेली.

धाकटीनं न सांगता पाण्याचा पेला आणून दिला. थोरली उभी राहिली. टेबलाची कड नखानं खरवडत म्हणाली, "आई, मी श-श-शाळेत जाते परत."

घरी शिकायला लागल्यापासून ते अडखळणं जवळजवळ गेलं होतं. त्यावरूनच तर वर्गातली पोरं तिला हसायची, आणि म्हणूनच आईनं तिला शाळेतून काढलं होतं.

"म-मला चालेल. खरंच चालेल."

"मी रडत नव्हते," आई म्हणाली.

"असू दे गं आई."

"अगं, खरंच. चॉकलेट खात होते मी."

थोरलीनं समजुतीनं मान डोलावली. लहान मुलाची थाप ऐकून घ्यावी, तशी.

मग आई मागे जाऊन तो डबाच घेऊन आली. दोघींच्या देखत तिनं आत हात घातला. निळी पावडर टेबलभर सांडली. पिशवीतून पिशवी निघाली आणि तिच्यातून अर्धं खाल्लेलं चॉकलेट.

"संपलं म्हणाली होतीस!" धाकटी किंचाळली.

"खोटं बोलले."

"एकटी खातेस? रोज?"

"रोज."

धाकटीनं रागारागानं हात पुढे केला. मोठा तुकडा तोंडात गेल्यावर तिचा राग पळाला. थोरलीनं मात्र चॉकलेटला हात लावला नाही. ती आईच्या ओठाच्या कोपऱ्यातल्या तपकिरी डागाकडे बघत होती.

"एकदाही रडली नाहीस?"

"एकदाही नाही." आईला मान वर करवेना. आता ही चिडेल, तिला वाटलं. चिडायलाच हवं हिनं.

थोरली चिडली नाही. ती मटकन खुर्चीत बसली आणि डोक्यावरचा भारा उतरवल्यासारखा तिनं मोठा श्वास सोडला.

"मग सांगते," ती म्हणाली. आता एकही अक्षर अडखळत नव्हतं. "मला हातच्याची वजाबाकी येत नाही. कळलं म्हणते ना, ते उगाच म्हणते. टेबलाखाली बोटं मोजते. माझी पुरली नाहीत की हिची घेते."

धाकटीचं तोंड भरलेलं होतं. तिनं नुसतेच दोन्ही हात वर केले आणि चॉकलेटनं बरबटलेली दहाही बोटं पसरून आईसमोर धरली.