दुखवट्याची टोपी

आईच्या तेराव्याला पाहुणे दुखवट्याची टॉवेल-टोपी घेऊन रांगेनं येत होते. अप्पांना विसरण्याचा आजार, डोक्यावर टोपी चढताच त्यांनी लेकीला विचारलं, "सत्ये, आहेर चाललाय, लग्न कुणाचं हाय?" "अप्पा, आपली आई गेली." टोपी तोंडावर धरून अप्पा हमसून रडले. तिनं पाणी पाजलं. तेवढ्यात चकलांब्याचे मामा दुसरी टोपी घेऊन वाकले. शेजारची सतरंजी झटकत अप्पा हसले, "थांबा पाहुणं. आहेर जोडीनं घ्यायचा असतोय. सत्ये, आईला बोलव. अन् लग्न कुणाचं, कुणी सांगना कावून?" मामांची टोपी हातातच राहिली. पुन्हा तेच सांगून अप्पांना रडवायचं? "माझं," केस पिकलेली लेक म्हणाली आणि तिला रडू फुटलं. अप्पांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "रडू नको, बाई. सुखानं सासरी जा. माझी काळजी करू नको. तुझी आई हाय की."