शॉटनंतरचं हसू

देवनहळ्ळीच्या सेटवर ज्येष्ठ नटी तुंगाअक्कांच्या मरणाचा शॉट झाला. मेलेल्याचं काम केल्यावर नटाने कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, म्हणजे अपशकुन टळतो, अशी रीत. "शाल्मली, ऊन स्वल्पच उरलंय. हसणंबिसणं राहू दे!" निर्माते गिरीधरअण्णा ओरडले. महिन्यापूर्वी याच मालिकेत नट असलेल्या स्वतःच्या वडिलांचा असाच शॉट घेताना दिग्दर्शक शाल्मलीच म्हणाली होती, "बाबा, असल्या खुळांना वेळ नाही, उठा." ते न हसता उठले. नवव्या दिवशी खरोखरच गेले. दोन्हींचा संबंध नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. अक्का नाकातले कापसाचे बोळे काढू लागल्या. "अक्का, आधी हसा." "तूच आम्हांला खुळ्या म्हणतेस की!" "हसा!" तिचा आवाज चिरकला. "कॅमेरा चालू ठेवा!" अक्कांनी तिच्याकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे वळून खळखळून हसल्या. भिंतीवरचं ऊन गेलं. हसू पूर्ण ओसरेपर्यंत शाल्मलीने 'कट' म्हटलं नाही.