पाच तारांवर

ब्रॅडफर्डमधल्या पबच्या तळघरात गर्दी पाय आपटत होती. जुना पंक बँड तीस वर्षांनी वाजणार होता, आणि जिन्याखाली बँडच्या गिटारवादक ग्लेनिसच्या गिटारची सहावी, सर्वांत बारीक तार तुटली. दुसरी नव्हती. बँडची एकुलती रेकॉर्ड करतानाही हीच तार तुटली होती. तिने पाच तारांवरच निभावलं. त्या बोडक्या आवाजाची तिला अजून लाज वाटे. आज तसं नको होतं. "आजीबाई झोपल्या काय?" कुणीतरी ओरडलं. "चल बाई," गायक ट्रेव्ह म्हणाला, "आता बाटल्या फेकतील." तिने नुकत्याच वाजवून उतरलेल्या बँडमधल्या पोरीकडे गिटार मागितली. पोरीने लगेच पुढे केली. त्या गिटारवरही बारीक तार नव्हती. "तुझीही तुटली?" "नाही. लावतच नाही," पोरगी म्हणाली. "तुमच्या रेकॉर्डवर कुठे आहे? ते ऐकून इथल्या बँडांत कुणीच लावत नाही." ग्लेनिसने गिटार परत दिली, आपल्या गिटारवरचा लोंबता तुकडा कापला आणि स्टेजवर चढली.